गेलेल्या खेळाडूचा जर्सी नंबर दुसऱ्याला द्यावा का?

संत्रामळा
मंडळी, एक सल्ला पाहिजे होता. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव मोर्शी तालुक्यातलं. क्रिकेटच्या या जमान्यातही गावात फुटबॉलची टीम टिकून आहे. शाळेमागच्या पटांगणावर संध्याकाळी पोट्टे खेळतात आणि जानेवारीत आसपासच्या गावांच्या टुर्नामेंटमध्ये उतरतात. मागच्या पावसाळ्यात आमचा ८ नंबर गेला. रात्री बाजारातून येताना रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर गाडी आदळली. ट्रॉलीला मागून ना लाइट ना रेडियम. लग्नाची बोलणी सुरू होती त्याची.

गेल्या जानेवारीत आम्ही ८ रिकामा ठेवूनच खेळलो. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी हात लावला नाही इतकंच. यंदा कृषी केंद्रवाले दादा नवा सेट देऊन राहिले. शेजारच्या गावचा एक पोट्टा आमच्याकडून खेळायला तयार आहे, मिडफिल्डमध्ये एकदम खमक्या, आणि तो शाळेपासून ८ च घालतो. त्यानं सरळ विचारलं, मले ८ भेटन का? कॅप्टन म्हणतो, मी असेपर्यंत नाही. अर्धी टीम म्हणते, नंबर आहे तो, सातबारा थोडीच आहे.

मोठ्या क्लबांमध्ये अशा वेळी काय करतात? आणि तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?

तर्रीबाज
देऊ नका. विषय संपला.

ऑफसाइड
विषय इतक्यात कसा संपेल? मोठ्या क्लबांचं सांगतो.

लिव्हरपूलचा दिओगो जोटा ३ जुलै २०२५ ला स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात गेला, सोबत भाऊही होता. आठच दिवसांत क्लबनं त्याचा २० नंबर कायमचा बंद केला. फक्त मुख्य टीमचा नाही, बायकांच्या टीमचा आणि अकादमीतल्या पोरांचाही.

फिओरेंटिनाचा कॅप्टन दाविदे आस्तोरी मार्च २०१८ मध्ये मॅचच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. त्याचा १३ नंबर फिओरेंटिनानं बंद केला आणि तो आधी ज्या कालियारीकडून खेळायचा त्यांनीही केला. बेन्फिकाचा मिक्लोश फेहेर २००४ मध्ये भर मैदानात कोसळला, त्याचा २९ बंद. विमान अपघातात गेलेल्या एमिलियानो सालाचा ९ फ्रान्सच्या नांत क्लबनं बंद केला.

आपल्याकडचंच उदाहरण पाहिजे असेल तर गोव्याचा डेम्पो. डिसेंबर २००४, बंगळूरला फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरनं दोन गोल मारले. दुसरा मारताना गोलकीपरशी टक्कर झाली आणि तो मैदानावरच गेला. डेम्पो ती फायनल २-० नं जिंकलं, दोन्ही गोल त्याचेच. त्याचा १० नंबर क्लबनं बंद केला.

पांढरं सोनं
असेच नंबर बंद करत राहिले तर आपले नातू ३४७ नंबर घालून खेळतील राजेहो. पाठीवर मावायले पाह्यजे.

मोर्शीची लेक
संत्रामळा, घरच्यांना विचारलं का? की टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच पंचायत भरून राहिली?

संत्रामळा
नाही विचारलं अजून. कोणत्या तोंडानं जावं तेच समजत नाही.

जुना फुलबॅक
वणी भागात कोळसा खाणीच्या कॉलनीत आयुष्य गेलं, तिथल्या टीममध्ये बॅकला खेळलो. आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता, कारण नंबर जागेचा असायचा, माणसाचा नाही. गोलीला १, उजव्या बॅकला २, डाव्याला ३, सेंटर फॉरवर्डला ९. आज मी २ घातला अन् उद्या माझा पाय मुरगळला तर माझ्या जागी जो उतरेल तो २ घालेल. सेट एकच. सुती कापड, घामानं भिजलं की किलोभर वजन वाढायचं. मॅच झाली की सगळ्या जर्स्या एका पोत्यात, पोतं मुकादमाच्या घरी.

आमचा एक लेफ्ट आउट खाणीतल्या अपघातात गेला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं तीच ११ घातली. तीच म्हणजे तीच, तेच कापड, काखेत शिवण उसवलेलं. तेव्हा कोणाला वावगं वाटलं नाही. पण जो घालत होता त्याला आम्ही सांगितलं होतं कोणाची आहे ते. नव्या पोराला न सांगता हातात द्यायची पद्धत नव्हती.

ऑफसाइड
काकांनी बरोबर नस पकडली. इंग्लंडमध्येही तेच होतं. १ ते ११ जो उतरेल त्याचे. प्रीमियर लीगनं १९९३-९४ च्या हंगामापासून प्रत्येक खेळाडूला वर्षभराचा पक्का नंबर आणि पाठीवर नाव दिलं. इटली, स्पेनमध्ये हे १९९५-९६ ला आलं. नंबर माणसाला चिकटला तो तेव्हापासून, आणि माणूस गेल्यावर नंबरचं काय करायचं हा प्रश्नही तेव्हापासूनचाच. त्यात जर्सी विक्रीचाही हिशोब होता, नुसती भावना नव्हे.

आणि पांढरं सोनं, तुमचा ३४७ चा विनोद स्पेनमध्ये चालणार नाही. तिथल्या लीगचा नियम असा की मुख्य टीमच्या खेळाडूंना १ ते २५ मधलेच नंबर. सेव्हियाचा अंतोनियो पुएर्ता ऑगस्ट २००७ मध्ये गेताफेविरुद्धच्या मॅचमध्ये कोसळला आणि तीन दिवसांनी दवाखान्यात वारला. क्लबला त्याचा १६ बंद करायचा होता, पण नियम आडवा आला. मग त्यांनी रस्ता काढला: १६ घालायचा तर आपल्या अकादमीत वाढलेल्या पोरानं. पुढे २०१७ मध्ये हेसूस नवास इंग्लंडहून घरी परतला आणि त्यानं १६ घेतला. तो पुएर्तासोबतच त्या अकादमीतून वर आलेला.

मला विचाराल तर १६ कपाटात ठेवण्यापेक्षा हे भारी.

झाडीपट्टी
वर्ल्ड कपमध्ये तर अजूनच पंचाईत. इक्वाडोरचा क्रिस्तियान बेनितेस, ज्याला चुचो म्हणत, २०१३ मध्ये कतारला गेला होता तिथं वारला. इक्वाडोरनं त्याचा ११ बंद केला. दुसऱ्या वर्षी ब्राझीलचा वर्ल्ड कप. फिफाचा तेव्हाचा नियम, २३ खेळाडू आणि १ ते २३ नंबर, मधला एकही गाळायचा नाही. शेवटी ११ फेलिपे कायसेदोला घालावाच लागला.

त्याच्या आधी २००२ मध्ये अर्जेंटिनानं हट्ट धरला होता की मॅराडोनाचा १० कोणालाच देणार नाही. मॅराडोना तेव्हा जिवंत होता. फिफानं ऐकलं नाही, ओर्तेगाला १० घालून उतरवलं, आणि टीम पहिल्याच फेरीत गारद.

तर्रीबाज
पाह्यलं? नंबर देला अन् टीम गारद. म्हणून म्हणतो देऊ नका.

झाडीपट्टी
तुमच्या लॉजिकले कोपरापासून नमस्कार.

वऱ्हाडी ठेचा
क्रिकेटमध्येही झालं आहे की. २०१७ मध्ये श्रीलंकेत शार्दूल ठाकूरनं १० नंबर घातला तर लोकांनी काय धुतला त्याला! जसा काही सचिनच्या घरात घुसून कपाट उघडलं. बिचाऱ्यानं नंतर नंबर बदलला. आणि ऑस्ट्रेलियानं फिल ह्यूजचा वनडेचा ६४ बंद केला तो २०१४ मध्ये, बाउन्सर लागून गेला तेव्हा.

बाकी नागपूरच्या स्टेडियमवर, जामठ्याला यंदा कोणकोणत्या मॅचेस आहेत कोणाला माहीत आहे का?

पांढरं सोनं
धागा फुटबॉलचा आहे भाऊ. जामठा तिकडं, उजवीकडं वळा.

सरकारी दवाखाना
एक वेगळा मुद्दा. वर ज्यांची नावं आली त्यातले बरेच जण अपघातानं नाही, हृदय बंद पडून गेले. कॅमेरूनचा मार्क-व्हिवियन फोए २००३ मध्ये कॉन्फेडरेशन्स कपच्या सेमीफायनलमध्ये कोसळला. शवविच्छेदनात निघालं की त्याच्या हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड झालेला होता. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूची तपासणी सक्तीची आहे, तरी आस्तोरी गेलाच. म्हणजे तपासणीनं धोका कमी होतो, संपत नाही. याउलट २०२१ मध्ये डेन्मार्कचा एरिक्सन कोपनहेगनला कोसळला, तेव्हा मैदानावरच छाती दाबली, शॉक दिला, आणि तो आठ महिन्यांनी पुन्हा खेळायला उतरला.

आपल्या टुर्नामेंटला मंडप असतो, डीजे असतो, आमदार साहेबांचा फ्लेक्स असतो. छाती दाबता येणारा एक माणूस असतो का? मिनिटाला १०० ते १२०, दोन इंच खोल, १०८ येईपर्यंत थांबायचं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सांगितलं तर कोणीही येऊन शिकवेल. नंबरचं नंतर पाहा.

तर्रीबाज
डॉक्टर साहेब, पटलं. पण त्यांचा पोट्टा ट्रॉलीवर आदळून गेला. तिथं छाती दाबून काय होणार होतं?

सरकारी दवाखाना
खरं आहे. मग रेडियमच्या पट्ट्या घ्या. एका सेटच्या पैशात अख्ख्या गावच्या ट्रॉल्या होतील. मी महिन्यातून एखादी तरी अशी केस पाहतो आणि हंगामात जास्त.

संत्रामळा
डॉक्टर, हे खरंच करण्यासारखं आहे. कृषी केंद्रवाल्या दादांच्या कानावर घालतो.

मोर्शीची लेक
मी आधी फक्त प्रश्न विचारून गेले. आता माझं सांगते, कारण इथं सगळे टीमच्या बाजूनं बोलत आहेत आणि घरच्यांच्या बाजूनं कोणीच नाही.

माझा मोठा भाऊ कबड्डी खेळायचा. तो गेल्यावर मंडळानं त्याची जर्सी फ्रेम करून समाजमंदिरात लावली, हार घातला, भाषणं झाली. आईबाबांना फार बरं वाटलं तेव्हा. पुढच्या वर्षी हार सुकलेलाच होता. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच खिळ्याला बँकेचं कॅलेंडर, नंबर अर्धा झाकलेला. मी माहेरी गेले की आधी ते कॅलेंडर काढायची, दुसऱ्या खेपेला पुन्हा तिथंच. कोणाचा दोष नाही. ज्या पोरांनी लावली ती पुण्याला, नागपूरला कामाला गेली, आणि आताच्या पोरांना तो कोण होता तेच माहीत नाही.

आपल्यात आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव ठेवतात. कोणी म्हणत नाही की आजोबांचा अपमान झाला. उलट म्हातारी दिवसातून दहा वेळा ते नाव घेऊन हाका मारते, नातवाला शिव्याही त्याच नावानं देते. मला तर वाटतं माझ्या भावाची जर्सी कोणीतरी घालून मातीत लोळवली असती तर तो जास्त दिवस गावात राहिला असता. पण हे माझं. दुसऱ्या घरात वेगळं असू शकतं, म्हणून म्हणते आधी विचारा.

पांढरं सोनं
ताई, यावर विनोद सुचत नाही. +१.

कोपऱ्यावरचा टेलर
मी खेळत नाही पण शिवतो. एक व्यवहाराचं सांगू का. लोक नंबरचं बोलून राहिले, पण आपल्याकडं गेलेल्या माणसाचे कपडे घालत नाहीत, ही भीती आहे खरी. जुनीच जर्सी दुसऱ्याच्या अंगावर चढवणार असाल तर त्या पोट्ट्याची आईच नको म्हणेल. नव्या कापडावर ८ छापला तर तो भाग मिटतो. जुनी घरच्यांकडे राहू द्या.

जुना फुलबॅक
टेलर बरोबर बोलला. आमच्या वेळी दुसरा सेटच नव्हता, म्हणून भीती बाळगणं परवडत नव्हतं.

ऑफसाइड
अजून दोन उदाहरणं देतो, ती तुमच्या प्रश्नाला जास्त लागू आहेत.

जोटा क्लबला २० घालायचा, पण पोर्तुगालकडून २१. लिव्हरपूलनं २० बंद केला, देशाच्या टीमला २१ बंद करणं नियमात बसणारं नव्हतं. तो २१ रूबेन नेवेसला दिला. हा जोटाचा जिवलग, पोर्तो आणि वुल्व्हजमध्ये सोबत खेळलेला. आदल्या रात्री अमेरिकेत मॅच खेळून हा माणूस अंत्यसंस्काराला पोचला आणि खांदा दिला.

दुसरं फोएचं. मँचेस्टर सिटीनं त्याचा २३ बंद केला तो आजतागायत. लियाँनं १७ बंद केला होता, पण २००८ मध्ये ज्याँ माकून आला, तोही कॅमेरूनचा, त्याला फोएच्या आठवणीत तोच १७ दिला. म्हणजे एकाच माणसाचे दोन नंबर, एक कुलपात, एक पुन्हा मैदानात. दोन्ही क्लबांना कोणी नावं ठेवली नाहीत.

मुद्दा कोणाला देता हा आहे. नेवेस मित्र, माकून देशबंधू, नवास अकादमीतला सोबती.

तर्रीबाज
हेच तर म्हणून राहिलो पहिल्यापासून! यांचा पोट्टा शेजारच्या गावचा. गेलेल्याचा ना मित्र ना भाऊ.

वऱ्हाडी ठेचा
शेजारचं गाव म्हणजे परदेश का? दोन गावांत एक नाला आहे फक्त.

तर्रीबाज
त्या नाल्यावरूनच तर अर्धी भांडणं आहेत. तुमी कधी फायनल पाह्यली नाही वाटते.

झाडीपट्टी
मिलाननं पाओलो माल्दिनीचा ३ बंद केला तेव्हा एक खिडकी उघडी ठेवली, त्याच्या पोरांपैकी कोणी मुख्य टीममध्ये आला तर त्याला घालता येईल. धाकटा दानिएल आला, मिलानकडून खेळला, पण २७ घालून. तेव्हा घरचा असला म्हणून घेतलाच पाहिजे असंही नाही. ओझं असतं ते. संत्रामळा, तुमच्या त्या नव्या पोराला हे माहीत आहे का की ८ घालून पहिला पास चुकला तर अख्खं गाव काय म्हणेल?

संत्रामळा
अपडेट. काल कॅप्टन आणि मी, दोघं त्याच्या घरी जाऊन आलो.

व्यापाऱ्याची गाडी लागलेली होती, काका अंगणात संत्र्याचे कॅरेट मोजत होते. आम्ही चाचरत विषय काढला. कॅप्टनच्या तोंडून तर शब्द फुटेना. काकांनी मोजणी न थांबवता विचारलं, "डाव्या पायाचा हाय का तो?" म्हटलं नाही, उजव्या. "मंग त्याले ८ देऊन काय कराचं? कॉर्नर कोन मारन?" आणि पुढचं कॅरेट मोजायला लागले. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. हो म्हणाले की नाही, ते अजून कळलं नाही.

मावशी चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "द्याचा असन तं द्या बाप्पा. पण त्याले आधी घरी जेवाले आना. कोन हाय, कोनाचा हाय, मले पाहू द्या." आणि एक सांगितलं जे आम्हाला माहीत नव्हतं. त्याला ८ आवडायचाच नाही. सातवीत असताना शाळेच्या सेटमध्ये तो एकच उरला होता म्हणून मिळाला, त्याला ७ पाहिजे होता.

पांढरं सोनं
म्हणजे तुमी ज्या नंबरसाठी वर्षभर भांडून रायले तो त्यालेच नको होता! वा रे वा.

मोर्शीची लेक
मावशींनी निकाल दिला आहे. जेवायला न्या त्याला.

ऑफसाइड
काकांना सांगा, पुएर्ता डाव्या पायाचा होता. शाल्केविरुद्ध २००६ च्या सेमीफायनलमध्ये एक्स्ट्रा टाइमला मारलेला त्याचा गोल डाव्या पायाचाच, त्यावरच सेव्हिया पहिल्यांदा युरोपच्या फायनलला गेली. आणि ज्यानं नंतर त्याचा १६ घातला तो नवास उजव्या पायाचा, उजव्या बाजूचा. चालून गेलं.

तर्रीबाज
पण कॉर्नर कोण मारणार याचं उत्तर नाही भेटलं.

जुना फुलबॅक
बाप काही चुकीचं बोलला नाही. त्याच्या डोळ्यापुढं अजून कॉर्नर आहे, नंबर नाही.

वऱ्हाडी ठेचा
एक तोडगा. १९९८ मध्ये इंटर मिलानला रोनाल्डोनं ९ घेतला, ज्याचा आधी ९ होता तो सामोरानो बसला रुसून. त्यानं १८ घेतला आणि मध्ये बारीक अधिकचं चिन्ह चिकटवलं, १+८. झाले ९. तुमच्या पोट्ट्याला १७ द्या, मध्ये अधिक. झाले ८. कॅप्टनही खूश, पोट्टाही खूश, आणि वर ७ दिसतोच आहे, जो गेलेल्याला पाहिजे होता.

पांढरं सोनं
हे फालतू आहे. हेच करा.

झाडीपट्टी
आमच्या जिल्ह्याच्या टुर्नामेंटमध्ये रेफरी अशा जर्सीवर नक्की हरकत घेईल. नियम माहीत नसतो, हरकत माहीत असते.

संत्रामळा
पोट्ट्याला सगळं सांगितलं, नाल्यापलीकडं जाऊन. तो म्हणतो रविवारी जेवायला येतो, नंबरचं जेवल्यावर बघू. काकांनी कॉर्नर मारून दाखव म्हटलं तर मारायची तयारी आहे, डाव्या पायानं प्रॅक्टिस सुरू केली म्हणे. कॅप्टन अजून फुगलेलाच आहे, पण रविवारी येतो म्हणाला.

सेटची ऑर्डर सोमवारपर्यंत द्यायची आहे. अमरावतीच्या छपाईवाल्याला सहज विचारून ठेवलं, अधिकच्या चिन्हाचे तो वीस रुपये वेगळे लावून राहिला. डॉक्टर, रेडियमची पट्टी मीटरवर भेटते का रोलवर? आणि कुठली चांगली?

सरकारी दवाखाना
रोल घ्या, स्वस्त पडतो. मागं लाल, पुढं पांढरी. चिकटवायच्या आधी ट्रॉली धुऊन कोरडी करा, नाहीतर आठवड्यात निघते.

कोपऱ्यावरचा टेलर
वीस रुपये जास्त सांगून राहिला तो. मी फुकट टाकून देतो, कापड घेऊन या.